अंगठा ते ओटीपी : आपल्या वस्तीतील ज्येष्ठ आणि स्मार्टफोन

आपल्या वस्त्यांमध्ये आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले जे आजी-आजोबा आहेत, ते १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी कोणी आईच्या कडेवर होते, तर कोणी नुकते शाळेच्या वयात आले होते. शाळा मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. गिरणी, गोदी, रेल्वे, महापालिकेची सफाई, बांधकाम, घरकाम अशी कामे करत त्यांनी मुलांना शिकवले. स्वतः मात्र पगाराच्या कागदावर, रेशनच्या दुकानात आणि पोस्टात अंगठाच उठवला. आज त्याच पिढीच्या हातात स्मार्टफोन आहे. पेन्शन, रेशन, दवाखाना, नातेवाइकांची खबर, विहारातील कार्यक्रमाची वेळ, हे सगळे हळूहळू त्या फोनमधून जाऊ लागले आहे.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये ज्येष्ठांसोबत काम करतो. फोन घेऊन रोज कोणी ना कोणी आमच्याकडे येते. कोणाचा आवाज गेलेला असतो, कोणाला ओटीपी आलेला नसतो, कोणाला भलताच कॉल आलेला असतो. या अनुभवातून आणि समाजशास्त्राच्या अभ्यासातून आम्हाला जे समजले, ते या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत. आपले ज्येष्ठ फोन प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, त्यांना अडचण नेमकी कुठे येते आणि घरातल्या तरुणांनी व विहारांनी काय करायला हवे, हे तीन प्रश्न यात आहेत.

ही पिढी कोणती?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. या वयोगटातील पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी फक्त २८ टक्के. त्याच जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. बौद्ध समाजाचे एकूण साक्षरतेचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या पुढे होते, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा अधिक. हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. आपल्या समाजाने शिक्षणात मोठी झेप घेतली, पण ती प्रामुख्याने पुढच्या पिढ्यांनी घेतली. घरात नातू अभियंता आणि आजी सहीपुरती साक्षर, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही.

स्मार्टफोन या दोघांच्या मध्ये येऊन बसला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि दोन-तीन वर्षांत फोन घराघरांत पोहोचला. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. दरवर्षी दादरला जाणाऱ्या अनेक ज्येष्ठांनी त्या दिवशी मुलाच्या किंवा नातीच्या फोनवर चैत्यभूमी पाहिली. आमच्या ओळखीच्या कितीतरी आजींच्या हातात फोन खऱ्या अर्थाने तेव्हा आला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॅनियल मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर मोठे काम केले आहे. अकरा मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिका, आशिया, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील वस्त्यांत प्रत्येकी १६ महिने राहिले आणि मध्यमवयीन व वृद्ध माणसे फोन कसा वापरतात, ते त्यांनी पाहिले. त्यावरचे पुस्तक २०२१ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की स्मार्टफोनला नुसते यंत्र समजू नका. माणूस घरात राहतो तसा तो फोनमध्ये राहू लागतो, तिथेच त्याला नातलग भेटतात. आणि फोनचा खरा शहाणपणा कंपनीकडून येत नाही, वापरणारी साधी माणसे आपल्या गरजेप्रमाणे तो घडवतात. आपल्या वस्त्यांत हे अगदी स्पष्ट दिसते.

फोन कशासाठी वापरला जातो?

पहिला वापर आवाजाचा. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही, त्यांनी व्हॉट्सॲपवरचे माइकचे चिन्ह बरोबर हेरले आहे. ते दाबून धरायचे, बोलायचे आणि सोडायचे. गावाकडच्या बहिणीला दोन मिनिटांचा निरोप जातो, तीही तसाच पाठवते. यूट्यूबवर शोधतानाही माइक दाबून "वामनदादा कर्डक" असे म्हटले की भीमगीतांची रांग लागते. २०१७ पासून गुगलची मराठी बोली ओळखण्याची सोय आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीसाठी ही साधी गोष्ट नाही. सकाळी वंदना, दुपारी भीमगीते आणि रात्री एखादे प्रवचन, असा अनेकींचा दिवसाचा क्रम ठरून गेला आहे.

दुसरा वापर कॅमेऱ्याचा. तरुण कॅमेऱ्याने फोटो काढतात, ज्येष्ठ त्याच्यात आठवणी ठेवतात. औषधाच्या पाकिटाचा फोटो, वीजबिलाचा फोटो, दवाखान्यातल्या केसपेपरचा फोटो. मेडिकलवाल्याला नाव सांगण्याऐवजी फोटो दाखवला की काम झाले. बारीक अक्षरे वाचायची असली तर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून पाहतात, म्हणजे फोनचे भिंग होते. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

तिसरा वापर सकाळच्या संदेशांचा. "जय भीम, नमो बुद्धाय, सुप्रभात" असे लिहिलेले बुद्धमूर्तीचे चित्र रोज पहाटे पन्नास जणांना पाठवणारे आजोबा प्रत्येक घरात असतात आणि घरातले त्यांना हसतात. पण एकदा नीट पाहा. एकट्या राहणाऱ्या आजोबांचे चित्र सकाळी आठपर्यंत आले नाही, तर पुण्याची मुलगी लगेच फोन करते. ते चित्र म्हणजे "मी उठलो आहे, बरा आहे" असा निरोप असतो. सरकार वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागते, हे आजोबा तो रोज देतात.

चौथा वापर समाजाच्या खबरीचा. कोणाच्या निधनाची बातमी, जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाची वेळ, वर्षावासातील ग्रंथवाचन, वधू-वरांचे बायोडाटा हे सगळे आता ग्रुपवर येते. सोयरीक जुळवणे हे पूर्वीपासून ज्येष्ठांचे काम. फोनमुळे ते नागपूर, औरंगाबाद, नाशिक असे कुठेही पोहोचते. गावातील मयतीला जाता आले नाही, तर व्हिडिओ कॉलवरून शेवटचे दर्शन घेतले जाते.

पाचवा वापर पैशाचा आणि कागदपत्रांचा. खरी अडचण इथूनच सुरू होते.

फोन नक्की कोणाचा?

आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांचा फोन त्यांच्यासाठी विकत घेतलेला नसतो. नातवाने नवा घेतला, म्हणून जुना आजीकडे आला. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकणारी, मेमरी भरलेली. त्यात नातवाचेच गुगल खाते चालू राहते. मग यूट्यूब उघडल्यावर आजीला गेमचे व्हिडिओ दिसतात, नातवाच्या मित्रांचे नंबर तिच्या यादीत येतात आणि पासवर्ड विचारला की कोणालाच आठवत नाही. आजीला वाटते, आपल्याला फोन जमत नाही. वास्तविक तो फोन अजून तिचा झालेलाच नसतो.

उपाय सोपा आहे. फोन ज्येष्ठांना देण्यापूर्वी पूर्ण कोरा करावा, म्हणजे फॅक्टरी रीसेट करावा. त्यांच्या नावाचे नवे खाते उघडावे आणि पासवर्ड वहीत लिहून घरातच सुरक्षित ठेवावा. भाषा मराठी करावी. पहिल्या पानावर सहा-सात चिन्हेच ठेवावीत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद केली, की मेमरी लवकर भरत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न मोबाइल नंबरचा आहे. आधारला, बँकेला आणि पेन्शनला कोणाचा नंबर जोडला आहे? अनेक घरांत तो मुलाचा किंवा जावयाचा असतो. खाते आईचे, पण पैसे आल्याचा मेसेज मुलाला. ओटीपी हवा असेल तर आईने मुलाला कामावर फोन करायचा. घरात सगळे नीट असेपर्यंत यात काही वाटत नाही. वाटण्या झाल्या, भांडण झाले, मुलगा व्यसनात अडकला किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, की त्या आईचे स्वतःचे पैसे तिच्या हातात राहत नाहीत. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये ही रक्कम बाहेरच्याला छोटी वाटेल. त्या बाईसाठी ती औषधाची आणि मानाची रक्कम असते. म्हणून ज्येष्ठ व्यक्तीचे बँक खाते आणि आधार तिच्या स्वतःच्या नंबरलाच जोडलेले असावे, असा आमचा आग्रह असतो.

नंबर चालू ठेवण्याचेही पाहावे लागते. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा अनेक घरांत पहिली काटछाट आजीच्या रिचार्जची झाली. रिचार्ज नसले की काही काळाने नंबर बंद पडतो आणि नंतर तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. ज्यांना इंटरनेट नको, फक्त बोलणे आणि मेसेज पुरे, त्यांच्यासाठी वेगळे रिचार्ज ठेवणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे. दुकानदार ते स्वतःहून सांगेलच असे नाही, त्यामुळे आपण विचारून घ्यावे.

बोटे, डोळे आणि कान

"आजी, हळूच टच करा" असे नातवंडे शंभर वेळा सांगतात, तरी फोन ऐकत नाही. याचे कारण आजीच्या डोक्यात शोधू नये, बोटात शोधावे. फोनची काच बोटातील ओलाव्यामुळे होणारा सूक्ष्म विद्युत बदल ओळखते. वय वाढले की त्वचा कोरडी होते, आणि आयुष्यभर घमेली, झाडू, भांडी हाताळलेल्या बोटांवर घट्टे असतात. काच प्रतिसाद देत नाही, म्हणून माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो. जास्त वेळ दाबणे म्हणजे फोनच्या भाषेत वेगळाच हुकूम असतो. चिन्हे हलतात, मेसेज निवडला जातो, कधी ॲपच पुसले जाते. "माझ्याकडून बिघडला" म्हणून आजी फोन ठेवून देतात.

फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तिथे बोट किती वेळ दाबून धरले तर तो वेगळा हुकूम समजायचा, ती वेळ वाढवता येते. डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरे मोठी करता येतात. मोतीबिंदू असलेल्यांना स्क्रीनचा प्रकाश आणि रंगांचा फरक जुळवून द्यावा लागतो. कमी ऐकू येणाऱ्यांना रिंगसोबत थरथर आणि फ्लॅशची सोय लावून देता येते. हे सगळे करायला दहा मिनिटे लागतात. फोन हातात देण्याआधी ही दहा मिनिटे द्यायला हवीत.

अंगठा जुळत नाही तेव्हा

ज्या अंगठ्याने या पिढीने आयुष्यभर व्यवहार केला, तोच आता यंत्राला ओळखता येत नाही. वय आणि कष्ट यांमुळे बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात, बँकेत, आधार केंद्रात अंगठा दोनदा, चारदा ठेवूनही जुळत नाही. यात त्या व्यक्तीचा काही दोष नाही आणि तिने लाजून परत जाण्याचेही कारण नाही. केवळ अंगठा जुळला नाही म्हणून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्राच्या अन्न विभागाने २०१७ सालीच राज्यांना दिली आहे. दुकानदाराने परत पाठवले, तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.

पेन्शनधारकांसाठी मात्र स्मार्टफोनने एक चांगली वाट उघडली आहे. जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तिला अंगठा किंवा डोळ्याचे यंत्र लागायचे. २०२१ च्या अखेरीस चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात, एक आधारफेसआरडी आणि दुसरे जीवन प्रमाण. ज्याच्या फोनवरून काम होणार, त्याची नोंदणी आधी होते. तो नातूही असू शकतो किंवा पेन्शनधारक स्वतःही. मग पेन्शनधारकाचा आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि बँक खाते भरायचे, चेहरा चौकटीत धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. प्रकाश समोरून असावा, मागे खिडकी नसावी, चष्मा काढावा. काम झाले की मेसेजवर क्रमांक येतो, तो लिहून ठेवावा.

गिरणी किंवा कारखान्यातून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ च्या पेन्शनधारकांना नोव्हेंबरची घाई करावी लागत नाही. त्यांचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ज्यांना हे कोणत्याच मार्गाने जमत नाही, त्यांच्यासाठी पोस्टमन थोडे शुल्क घेऊन घरी येऊन दाखला करून देतात. ७० वर्षांवरील आणि आजारी ग्राहकांना घरपोच प्राथमिक सेवा द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना दिलेली आहे. शाखेत जाऊन या सूचनेचा उल्लेख करून अर्ज द्यावा.

एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. त्यासाठी ओळखपत्राचा फोटो काढून फोनमध्ये ठेवण्यापेक्षा डिजिलॉकरमध्ये आधार उतरवून ठेवावे, कारण डिजिलॉकरमधील प्रतीला कायद्याने मान्यता आहे. तसेच ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले असून त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. त्याची नोंदणीही फोनवरून होते. वस्तीत हे कार्ड काढलेले ज्येष्ठ किती आहेत, याची यादी प्रत्येक विहाराने एकदा करून पाहावी.

ओटीपी आणि पिन म्हणजे काय?

आम्ही ज्येष्ठांना हे त्यांच्याच शब्दांत सांगतो. पिन म्हणजे पेटीची किल्ली. ती कायम तुमच्याकडे असते आणि ती पैसे बाहेर काढायलाच लागते. पैसे यायचे असतील तर किल्ली कशाला हवी? म्हणून "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" असे जो सांगेल, तो चोर. ओटीपी म्हणजे तुमचा अंगठा. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये हे सगळ्यांना माहीत होते, सावकाराने कित्येकांच्या जमिनी तशाच घेतल्या. फोनवर अनोळखी माणसाला ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे. ही तुलना त्यांना क्षणात कळते, कारण ती त्यांच्या किंवा त्यांच्या आईवडिलांच्या आयुष्यातून आलेली असते.

पैसे पाठवण्याचे ॲप वापरायचे असेल, तर दोन खाती ठेवावीत. पेन्शनचे खाते ॲपला जोडू नये. दुसऱ्या खात्यात भाजी-दुधापुरते हजार-दोन हजार ठेवावेत आणि ते जोडावे. काही चुकले तरी नुकसान तेवढ्यापुरते राहते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सरकारी ॲपचे नाव भीम आहे, त्यामुळे आपल्याकडचे आजोबा तेच मागतात. नाव कोणतेही असो, नियम तेच. साधा बटणांचा फोन असलेल्यांसाठीही मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे.

फसवणूक कशी होते?

चोर ज्येष्ठांना मूर्ख समजून गाठत नाहीत. त्यांना ठाऊक असते की ज्येष्ठांच्या मनात सरकारी कागदाची आणि पोलिसांची धास्ती आहे. आपल्या वस्त्यांतील माणसांना ही धास्ती अनुभवातून आलेली आहे. म्हणून कॉल असे येतात : तुमचे पेन्शन बंद होणार आहे, आज रात्री वीज कापली जाईल, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल झाला आहे.

"डिजिटल अरेस्ट" हा त्यातला सर्वांत क्रूर प्रकार. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका म्हणतो आणि तासन्‌तास धाक दाखवून पैसे वळते करून घेतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये याबाबत लोकांना सावध केले होते. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. "कोणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की लगेच फोन ठेवावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी.

दुसरा प्रकार लग्नपत्रिकेचा. व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असते. ती पत्रिका नसते, फोनमध्ये शिरणारे ॲप असते. आपल्याकडे पत्रिका फोटो किंवा पीडीएफ स्वरूपात येते. उघडल्यावर "इन्स्टॉल" विचारणारी पत्रिका उघडू नये. तिसरा प्रकार अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर करून आधारवरून पैसे काढण्याचा. त्यावर उपाय म्हणून एमआधार ॲपमध्ये जाऊन बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. आधारची हेल्पलाइन १९४७ आहे, स्वातंत्र्याचे साल म्हणून ती लक्षात राहते.

फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून दोन्ही वेळी कळवण्यात उशीर करू नये.

इथे घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. फसलेल्या ज्येष्ठांना सगळ्यात जास्त भीती चोराची नसते, मुलगा काय म्हणेल याची असते. रागावण्याच्या भीतीने दोन-दोन दिवस लपवून ठेवतात आणि तक्रारीचा मोलाचा वेळ निघून जातो. "आई, काहीही झाले तर आधी मला सांग, मी रागावणार नाही" हे वाक्य फोन हातात देतानाच सांगून ठेवावे आणि पाळावे.

पुढे पाठवलेल्या मेसेजबद्दलही दोन शब्द. अमुक पाल्याने साखर जाते, तमुक योजनेत सगळ्यांना फोन मिळणार, असे मेसेज ज्येष्ठांकडूनच सर्वाधिक फिरतात, अशी तक्रार तरुण करतात. त्यांना खोडून काढण्यापेक्षा विहारात शिकलेलेच आठवून द्यावे. कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना ऐकीव गोष्ट केवळ ऐकली म्हणून मानू नका, असेच समजावले होते. "आजोबा, हे कालाम सुत्तावर घासून पाहू या का?" असे विचारले की आजोबा स्वतःच थांबतात.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय?

विहारातील सभेची वेळ बदलली आणि ती फक्त ग्रुपवर कळवली, तर फोन नसलेली उपासिका जुन्या वेळी येऊन कुलूप पाहून परत जाते. असे दोन-तीनदा झाले की ती येणे बंद करते. ज्यांनी वर्गणी काढून, विटा वाहून ते विहार उभे केले, तीच माणसे खबर न मिळाल्याने बाहेर पडतात. म्हणून दारावरचा फलक लिहिणे बंद करू नये. गल्लीतील एका तरुणाने दोन-तीन घरी निरोप द्यायची पद्धत ठेवावी. स्मार्टफोन घ्यायचाच नाही असे एखाद्या ज्येष्ठाने ठरवले असेल, तर त्याचाही मान राखावा. फोन नाही म्हणून कोणाचे पेन्शन, धान्य किंवा समाजातील स्थान अडता कामा नये.

शिकवायचे कसे?

आमच्या अनुभवातून काही गोष्टी उपयोगी पडल्या आहेत. फोन ज्येष्ठांच्याच हातात राहू द्यावा. आपण हिसकावून पटकन करून दिले, तर काम होते, शिकणे होत नाही. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी आणि तीच पुढच्या वेळी पुन्हा करून घ्यावी. त्यांना हवे असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करावी. ज्या आजीला भीमगीते ऐकायची आहेत, तिला आधी यूट्यूबचा माइक शिकवावा, बँकेचे नंतर. पायऱ्या कागदावर चिन्हांसह मोठ्या अक्षरात काढून द्याव्यात. पैसे पाठवायला शिकवताना एक रुपया पाठवून सराव करावा. स्त्रियांचा गट वेगळा बसवला तर त्या अधिक मोकळेपणाने विचारतात. आणि शिकलेल्या ज्येष्ठालाच पुढच्याला शिकवायला सांगावे, कारण सत्तरीतली मैत्रीण शिकवते तेव्हा लाज वाटत नाही.

हे काम विहारात सहज होऊ शकते. रविवारी वंदनेनंतर एक तास, दोन-तीन कॉलेजची मुले-मुली, एक चार्जिंगचा बोर्ड आणि एक वही, यापेक्षा जास्त काही लागत नाही. वहीत कोणाचे काय अडले आणि काय सुटले, त्याची नोंद ठेवावी. कोणाचाही पिन किंवा ओटीपी त्या वहीत लिहू नये आणि शिकवणाऱ्याने तो पाहूही नये, एवढा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. भिंतीवर चार क्रमांक मोठ्या अक्षरात लावावेत : सायबर फसवणुकीसाठी १९३०, ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७, आधारसाठी १९४७ आणि बँकेविरुद्धच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८.

बाबासाहेबांनी दिलेल्या त्रिसूत्रीतील पहिला शब्द "शिका" आहे आणि त्याला वयाची अट नाही. या पिढीने स्वतः अर्धपोटी राहून आपल्याला अक्षर दिले. आता त्यांचा पैसा, त्यांची ओळख आणि त्यांची खबर त्यांच्याच हातात राहावी, एवढे आपण नक्की करू शकतो. येत्या रविवारपासून आपल्या विहारात हा एक तास सुरू करावा, ही सर्व तरुण मंडळांना आणि महिला मंडळांना आमची विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.